ह्यूल्सहॉफची आनेट

जर्मनीच्या वायव्य भागात वेस्टफालिया नावाचा प्रांत आहे. त्यातील म्युन्स्टर शहराच्या आसपासचा मुलूख सपाट आणि ओलसर आहे. शेते, ओक वृक्षांच्या राया, झुडपांची कुंपणे आणि मधूनमधून पसरलेल्या दलदली असे त्याचे रूप. हिवाळ्यात तेथे दिवस लहान असतो आणि धुके दाट पडते. दीडदोनशे वर्षांपूर्वी अशा लांबलचक रात्री तेथील शेतकरी चुलीभोवती बसून काढीत. बायका चरखा चालवीत. म्हातारी माणसे भुताखेतांच्या, राजकन्यांच्या, लुटारूंच्या गोष्टी सांगत. काही माणसांना पुढे घडणारी आग किंवा अंत्ययात्रा आधीच डोळ्यांसमोर दिसते, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा होती. अशा माणसांविषयी लोक हलक्या आवाजात बोलत आणि मुले कान टवकारून ऐकत.

ह्याच मुलखात, म्युन्स्टरपासून थोड्या अंतरावर, चारी बाजूंनी पाण्याचा खंदक असलेली ह्यूल्सहॉफ नावाची गढी आहे. १४१७ पासून ती ड्रोस्टे नावाच्या सरदार घराण्याकडे होती. १७९७ च्या जानेवारी महिन्यात त्या गढीत एक मुलगी जन्मास आली. ती दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्मली होती आणि इतकी अशक्त होती की, ती जगेल अशी आशा कोणालाच नव्हती. तेव्हा एका विणकराच्या बायकोला दाई म्हणून बोलावण्यात आले. तिचे नाव कॅथरिना प्लेटेनडॉर्फ. ह्या दाईने आपल्या दुधावर त्या मुलीला वाचविले. मुलीचे नाव आनेट असे ठेवण्यात आले. सरदाराच्या मुलीला विणकराच्या बायकोने दिलेले हे जीवदान आनेट आयुष्यभर विसरली नाही.

आनेटच्या वडिलांना दोन गोष्टींचा नाद होता. एक संगीताचा आणि दुसरा नवलकथांचा. ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. आणि शकुन, भविष्यसूचक स्वप्ने, अद्भुत प्रसंग ह्यांच्या ज्या हकीकती कानावर येत, त्या एका वहीत मोठ्या श्रद्धेने टिपून ठेवीत. आई मात्र करारी आणि व्यवहारी होती. घराची शिस्त तिच्या हाती होती. येनी ही थोरली बहीण, आनेट दुसरी, आणि वेर्नर व फेर्डिनांड हे धाकटे भाऊ. मुलांना भाषा, गणित, इतिहास, संगीत असे सर्व विषय घरीच शिकविले जात. सरदारांच्या मुलींना त्या काळी एवढे शिक्षण क्वचितच मिळे. आनेट सातआठ वर्षांची असतानाच कविता रचू लागली. ती पियानो वाजवी, गाई, आणि मनात येतील त्या चाली तेथल्या तेथे बांधी. आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने ह्या मुलीच्या कविता ऐकवल्या जात. घरात तिच्या बुद्धीचे कौतुक होते, पण ते घरापुरतेच.

आनेटच्या जीवनाला वळण लागले ते तिच्या आजोळी. पाडरबोर्नच्या बाजूस ब्योकेनडॉर्फ नावाचे खेडे आहे. तेथे तिच्या आईचे माहेर, म्हणजे हाक्स्टहाउझेन घराण्याचा वाडा होता. आजोळी मामा आणि मावश्यांचे मोठे गोकुळ होते. त्यांच्यापैकी ऑगस्टमामा तर आनेटहून अवघा पाच वर्षांनी मोठा होता. ह्या मंडळींना एका नव्या छंदाने वेडावून टाकले होते. खेडुतांच्या तोंडी असलेल्या गोष्टी आणि गाणी गोळा करावयाची, असा तो छंद होता.

आज हे काम फार विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळच्या शिकलेल्या लोकांना दासींच्या, गुराख्यांच्या आणि शिपायांच्या गोष्टी म्हणजे अडाण्यांची बडबड वाटे. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम ह्या दोघा भावांना तसे वाटले नाही. त्यांना वाटे की, ही प्रजेच्या स्मृतीत साठलेली ठेव आहे. ती सांगणारी म्हातारी माणसे गेली की ठेवही जाईल. त्यांनी अशा कथांचा पहिला भाग १८१२ साली प्रसिद्ध केला. हिमगौरीची गोष्ट आपल्याकडील मुलांनाही ठाऊक आहे. ती ह्याच संग्रहातून जगभर गेली. ग्रिमबंधू सगळीकडे हिंडून कथा जमवीत असत, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. त्यांच्या पुष्कळशा कथा ओळखीच्या कुटुंबांकडून त्यांच्याकडे येत, आणि कथा पाठविणाऱ्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा होता.

१८१३ च्या उन्हाळ्यात विल्हेल्म ग्रिम ब्योकेनडॉर्फला पाहुणे म्हणून आले. येनी आणि आनेट ह्या दोघी बहिणीही तेव्हा आजोळी होत्या. विल्हेल्म सत्तावीस वर्षांचे होते. शांत, विनयशील आणि थोडे नाजूक प्रकृतीचे. अठरा वर्षांची येनी शांत स्वभावाची होती. तिच्याशी त्यांचे चांगले जमले, आणि पुढे पुष्कळ वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालला. सोळा वर्षांच्या आनेटची गोष्ट निराळी होती. तिला पुष्कळ गोष्टी आणि गाणी ठाऊक होती. परंतु जीभ मोठी तिखट होती. ती वाद घाली, थट्टा करी, आणि पंडित म्हणून कोणाची भीड ठेवीत नसे. विल्हेल्मना ह्या मुलीचा चांगलाच धाक बसला. पुढे त्यांना एक भयंकर स्वप्न पडले. स्वप्नात आनेट जांभळ्या ज्वाळांसारखा वेष करून आली, आणि आपल्या डोक्याचे एकेक केस उपटून त्यांच्याकडे फेकू लागली. त्या केसांचे बाण झाले! ही हकीकत त्यांनीच आनेटच्या मावशीला पत्रातून कळविली. परीकथा गोळा करणाऱ्या माणसाला असे परीकथेतले स्वप्न पडावे, ही मोठी मौज आहे.

थट्टा कितीही झाली, तरी काम थांबले नाही. दोघी बहिणींनी आपल्या भागातील कथा लिहून ग्रिमबंधूंकडे पाठविल्या. बारा राजकन्यांच्या झिजलेल्या जोड्यांची कथा अशीच येनीच्या हातून गेली. त्या राजकन्यांच्या दालनाला रात्री कुलूप लागे. तरी सकाळी पाहावे तो बाराही जणींचे जोडे नाचून नाचून फाटलेले! ह्यातले गूढ मोठमोठ्या राजपुत्रांना उकलले नाही. ते एका गरीब, जखमी शिपायाने उकलले. १८१५ साली ग्रिमबंधूंच्या संग्रहाचा दुसरा भाग निघाला. त्यात ब्योकेनडॉर्फच्या मंडळींनी आणि ह्या दोघी बहिणींनी पाठविलेल्या बऱ्याच कथा होत्या. परंतु कथेखाली पाठविणाऱ्याचे नाव नसे. ही कथा पाडरबोर्नकडील, ही म्युन्स्टरच्या मुलखातील, एवढाच उल्लेख टीपांत येई. सांगणाऱ्या दाईचे किंवा शेतकऱ्याचे नाव नाही, लिहून घेणाऱ्या मुलीचेही नाही. सर्व जग त्या कथा ग्रिमबंधूंच्या नावाने ओळखू लागले.

कथेपेक्षा गाणे टिपणे अधिक अवघड असते. गोष्ट ऐकून नंतर सवडीने लिहिता येते. शब्द थोडे मागेपुढे झाले तरी चालते. गाण्याची चाल मात्र ऐकता ऐकताच पकडावी लागते. खेड्यातील म्हातारी गाताना मध्येच थांबते, दुसऱ्या कडव्यात सूर बदलते, आणि पुन्हा म्हण म्हटले की निराळेच म्हणते. त्यातून मूळ चाल कोणती, हे ठरवावयास तयार कान लागतो. आनेटचा कान तसा होता. ऑगस्टमामा जी गाणी जमवीत असे, त्यांच्या चाली ती ऐकून स्वरलिपीत उतरवून देई. काही लोकगीते तिने लुडविग उलांट ह्या कवींनाही पाठविली. जुन्या जर्मन लोकगीतांचा उलांट ह्यांचा मोठा संग्रह १८४४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. ऑगस्टमामाने जमविलेल्या भक्तिपर लोकगीतांचा ग्रंथ तर १८५० साली, आनेटच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापला गेला.

संगीताची विद्या तिला घराण्यातूनच मिळाली होती. तिचे एक काका, माक्स ड्रोस्टे, हे चांगले संगीतरचनाकार होते. प्रसिद्ध संगीतकार हायडन ह्यांच्याशी त्यांचा स्नेह होता. मंद्र सुरांच्या आधाराने वरचे सूर कसे जुळवावेत, ह्या शास्त्रावर काकांनी स्वतः एक ग्रंथ लिहिला होता. त्याची प्रत त्यांनी १८२१ साली पुतणीला दिली. आनेटने तो ग्रंथ मन लावून अभ्यासिला, आणि ती स्वतः रचना करू लागली. स्वतःच्या आणि इतर कवींच्या गीतांना तिने चाली दिल्या. अशी सत्तरांहून अधिक गीते तिच्या हातची आहेत. तिची हाव मात्र ह्याहून मोठी होती. ज्यात सर्व संवाद गाऊन म्हटले जातात अशी संगीतिका तिला रचावयाची होती. एक नव्हे, चार संगीतिका तिने आरंभिल्या. त्यांपैकी एक म्युन्स्टर शहरात सोळाव्या शतकात झालेल्या धार्मिक बंडावर होती, आणि तिचे शब्दही आनेटचेच होते. पण चारांतील एकही पुरी झाली नाही. संगीतिकेस रंगभूमी पाहिजे, वादकांचा ताफा पाहिजे, गवई पाहिजेत. खेड्यातील गढीत राहणाऱ्या आणि आईच्या आज्ञेत वागणाऱ्या सरदारकन्येला ते कोठून मिळणार?

ही अडचण केवळ पैशांची किंवा साधनांची नव्हती. आनेटच्या भोवतालच्या समाजात स्त्रीने घरात गावे, वाजवावे, कविता कराव्यात, ह्याला कोणाची हरकत नसे. परंतु तिने आपले नाव छापू द्यावे आणि परक्या लोकांनी ते वाचावे, हे कुळाला कमीपणा आणणारे समजत. त्यातून १८२० साल तिला फार जड गेले. आजोळी जमलेल्या मित्रमंडळींनी आणि नातलगांनी तिच्या मनाशी एक क्रूर खेळ केला, आणि विश्वासाच्या माणसांकडून ती दुखावली गेली. त्यानंतर सतरा वर्षे तिने ब्योकेनडॉर्फचे तोंड पाहिले नाही. त्याच वर्षी तिने ख्रिस्ती सणांवर रचलेल्या पंचवीस कवितांची वही आईला अर्पण केली. त्या कवितांत श्रद्धा होती. पण शंकेने पोळलेल्या मनाचे दुःखही होते. आईने प्रस्तावना लक्षपूर्वक वाचली, आणि एक शब्दही न बोलता ती वही कपाटात ठेवून दिली. आनेटने पुढे ती हळूच परत घेतली. ते काम पुढे नेण्यास तिला जवळजवळ वीस वर्षे लागली.

१८२६ साली वडील वारले. गढी थोरल्या भावाकडे, वेर्नरकडे गेली. आई आणि दोघी बहिणी जवळच्याच र्‍यूशहाउस नावाच्या घरी राहावयास गेल्या. हे घर मोठे गमतीचे आहे. मागून पाहिले तर सरदाराचा टुमदार वाडा, आणि पुढून पाहिले तर शेतकऱ्याचे घर. एकाच छपराखाली माणसेही राहत आणि गुरेही. आनेटच्या वाट्याला बुटक्या छताच्या लहान खोल्या आल्या. त्यांना ती गोगलगाईचे शंखघर म्हणे. तिची दृष्टी चमत्कारिक होती. दूरचे तिला धूसर दिसे. परंतु डोळ्यांजवळ धरलेली वस्तू ती अत्यंत बारकाईने पाही. हातात छोटा हातोडा घेऊन ती रानात जाई, आणि खडक फोडून त्यांतील प्राचीन शिंपल्यांचे व वनस्पतींचे ठसे गोळा करी. तिचे अक्षर इतके बारीक असे की, तिच्या कागदांचा अर्थ लावताना आजही अभ्यासकांची दमछाक होते. तिची वृद्ध दाई कॅथरिना हीदेखील ह्या घरी येऊन राहिली होती. तिची शुश्रूषा आनेट स्वतः करी.

१८३४ साली येनीचे लग्न झाले. तिचे पती योझेफ फॉन लासबेर्ग हे जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्राहक होते. जर्मन लोकांच्या प्राचीन वीरकाव्याची, म्हणजे निबेलुंगांच्या काव्याची एक अमोल प्रत त्यांच्याजवळ होती. ते त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये राहत. पुढच्या वर्षी आनेट आणि आई त्यांच्याकडे गेल्या. पंधराव्या शतकातील एका गीतसंग्रहाची नक्कल आनेटला तेथे पाहावयास मिळाली. जुन्या पद्धतीने लिहिलेले ते सूर सामान्य गायकाला वाचता येण्यासारखे नव्हते. तिने ती गीते पियानोच्या साथीसह आपल्या काळच्या पद्धतीने मांडली, आणि ते काम मेहुण्यांना भेट म्हणून दिले. चारशे वर्षे मुकी पडलेली गाणी पुन्हा गाता येऊ लागली. हेही काम त्या वेळी घरातच राहिले.

अखेर १८३८ साली आनेटचे पहिले काव्यपुस्तक म्युन्स्टर येथे छापले गेले. तिची दृष्टिहीन झालेले मित्र, तत्त्वज्ञानाचे अध्यापक श्ल्यूटर, ह्यांनी त्या कामी पुढाकार घेतला. परंतु आडनावाच्या ठिकाणी केवळ आद्याक्षरे आणि टिंबे होती! पाचशे प्रती काढल्या. त्यांतील चौऱ्याहत्तर खपल्या. नातलगांपैकी कोणी हसले, कोणी लाजले. आनेट एकेचाळीस वर्षांची झाली होती. तिने लेखन सोडले नाही. इतकेच की, लोकांना काय रुचते ह्याचा विचार करणे सोडले.

ह्याच सुमारास लासबेर्ग ह्यांनी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावरील मेर्सबुर्गचा जुना किल्ला विकत घेतला. जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला असलेला हा किल्ला, समोर अथांग निळे पाणी आणि पलीकडे आल्प्सची बर्फाची शिखरे. १८४१ च्या शरद ऋतूत आनेट तेथे राहावयास गेली. लासबेर्ग ह्यांच्या ग्रंथांची सूची करण्यासाठी लेविन श्युकिंग नावाचा तरुण लेखकही तेथे आला होता. तो तिच्या दिवंगत मैत्रिणीचा मुलगा. येत्या काही महिन्यांत कवितांचे एक पुस्तकच लिहून दाखविते, असे आनेट एकदा बोलून गेली. काव्य असे ठरवून होत नसते, असे श्युकिंगचे मत पडले. झाले, दोघांची पैज लागली. आनेट रोज सरोवराकाठी फिरून येई आणि दिवसाकाठी एखादी, कधी दोन कविता लिही. हिवाळा सरेपर्यंत पन्नासांहून अधिक कविता तयार झाल्या. पैज कोणी जिंकली, हे सांगावयास नकोच.

नवल हे की, डोळ्यांपुढे आल्प्स पर्वत असताना तिला सुचत होते ते आपल्या दलदलीचे धुके. दलदलीतून शाळेहून घरी परतणाऱ्या एका मुलावरील तिची कविता ह्याच हिवाळ्यातील आहे. त्या मुलाला वाऱ्याच्या सळसळीत मालकाचे जळण चोरून विकणारा मजूर दिसतो, चरखा फिरविणारी शापित बाई दिसते, लग्नाचे पैसे चोरणाऱ्या वादकाचे सूर ऐकू येतात. तो जीव घेऊन पळतो, आणि पायाखाली घट्ट जमीन लागून घरचा दिवा दिसतो तेव्हा कोठे त्याच्या जिवात जीव येतो. चुलीपाशी ऐकलेली सारी भुते येथे एकत्र जमली आहेत. फरक एवढाच की, आता ती दुसऱ्याच्या ग्रंथासाठी टिपलेली नव्हती. तिची स्वतःची होती. जर्मनीतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी ही कविता शाळेत पाठ केली आहे.

१८४२ च्या वसंतात तिची एक दीर्घकथा नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. तीही आजोळच्या मातीतलीच होती. ब्योकेनडॉर्फजवळ १७८३ साली एका ज्यू व्यापाऱ्याचा खून झाला होता. खुनी पळाला, परदेशी गुलामगिरीत खितपत पडला, आणि कित्येक वर्षांनी परत आल्यावर त्याचा शेवटही त्याच रानात झाला. आनेटने ही हकीकत घरी ऐकली होती. ऑगस्टमामाने ती छापलीही होती. तिच्या कथेत ज्यू लोक ते बीचचे झाड विकत घेतात आणि त्यावर आपल्या लिपीत एक लेख कोरतात. खेड्यातील माणसे चोरीला सवयीने चोरी म्हणेनाशी झाली, आणि शेजाऱ्याला परका समजू लागली, म्हणजे एका साध्या मुलाचा गुन्हेगार कसा होतो, ते तिने ह्या कथेत दाखविले आहे. ‘ज्यू लोकांचा बीच वृक्ष’ हे कथेचे नाव मात्र तिचे नव्हे. ते संपादकांनी दिले. आज ही कथा अनेक भाषांत वाचली जाते.

१८४३ च्या नोव्हेंबरात मेर्सबुर्ग येथे द्राक्षमळ्यातील एक लहानसे घर लिलावात निघाले. आनेटने बोली केली, आणि चारशे टालरना ते घर तिला मिळाले. नव्या पुस्तकाच्या मानधनातून ही रक्कम द्यावयाची होती. आयुष्यात प्रथमच तिचे स्वतःचे असे घर झाले, आणि तेही स्वतःच्या लेखणीच्या बळावर. पुढच्या वर्षी कोटा ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने तिच्या कविता प्रसिद्ध केल्या. ह्या वेळी मुखपृष्ठावर टिंबे नव्हती. पूर्ण नाव होते. १८४५ साली क्लारा शूमान ह्या ख्यातनाम पियानोवादिकेने तिला पत्र लिहिले. आपले पती रॉबर्ट शूमान ह्यांना संगीतिका रचावयाची आहे, तिचे शब्द आनेटने लिहावेत, अशी त्यांची इच्छा होती. चार संगीतिका अपुऱ्या ठेवाव्या लागलेल्या आनेटला हे पत्र वाचून काय वाटले असेल! पण तिची प्रकृती ढासळली होती, आणि तो योग जुळून आला नाही. त्याच वर्षी तिची दाई कॅथरिना र्‍यूशहाउस येथे वारली.

१८४६ साली आनेट अखेरची मेर्सबुर्गला गेली. द्राक्षमळ्यातील घरात राहणे तिला फारसे घडलेच नाही. आजारामुळे ती बहिणीच्या किल्ल्यातच होती. १८४८ साली जर्मनीत क्रांतीची धामधूम चालली असताना, २४ मे रोजी, तिची प्राणज्योत मालवली. तिला तेथील स्मशानभूमीत पुरण्यात आले.

आईने कपाटात ठेवलेल्या वहीतून वाढलेला कवितासंग्रह १८५१ साली श्ल्यूटर ह्यांनी प्रसिद्ध केला. तिने चाली दिलेली गीते छापून निघण्यास १८७७ साल उजाडले. मेर्सबुर्गचे छोटे घर आणि र्‍यूशहाउस येथे तिच्या वस्तू पाहावयास लोक येतात. १९९२ साली जर्मनीने वीस मार्कांची नवी नोट चलनात आणली, तेव्हा तिच्यावर आनेटचे चित्र घातले. शंभर मार्कांच्या नोटेवर क्लारा शूमान होत्या. २००१ च्या अखेरीस मार्कांचे चलन संपले. तोपर्यंत ती वीसची नोट जर्मनीच्या बाजारांतून हातोहात फिरत होती. तिच्या पुढच्या बाजूस आनेटचा चेहरा होता, आणि मागच्या बाजूस एक लेखणी व एक बीचचे झाड.